रकाना सहावा: मूळ गाव

मी वास्कोतला टंकलेखक. नोटरीच्या जिन्याखाली
एक टेबल, एक यंत्र, गिऱ्हाइकाला स्टूल.
त्या दिवशी सकाळपासून तीन प्रतिज्ञापत्रं झाली होती,
तिन्ही लिस्बनला जाणारी:
आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले,
सबब नातवास तिकडचं नागरिकत्व मिळावं.
चौथं माझ्या भावाचं, उल्हासचं.
ते जेवून आल्यावर करणार होतो.

तेवढ्यात बचित्तर सिंग आला, टायरवाला.
मागे नातू, तेगबीर. हात गळ्यात बांधलेला,
एक डोळा जांभळासारखा मिटलेला,
डोक्यावर गॅरेजमधला रुमाल.
"लिही," म्हातारा म्हणाला.
मी कागद चढवला.

बायण्याचा पेट्रोल पंप, रात्री पावणेअकरा.
चौघे जण. पैकी दोघे ओळखीचे.
(एक चवथीला आमच्याकडे आरतीला येतो,
टाळ छान धरतो.
हे टाइप केलं नाही.)
म्हणाले, तुझ्या देशात जा.
तेगबीरनं कोकणीत विचारलं,
"खंय वचूं? चिखले?"
चिखलीच्या इस्पितळात जन्मलाय तो.
विनोद त्यांना कळला नाही.
किंवा कळला, म्हणूनच हात मोडला.

ठाण्यातून अर्ज एकदा परत आलेला.
रकाना सहावा, मूळ गाव: वास्को.
त्यावर लाल पेनानं गोल.
"मूळ म्हणजे मूळ हो बाबा," हवालदार म्हणाला म्हणे.
"आता मूळ सांगू?" म्हाताऱ्यानं मला विचारलं.
"बापाचं गाव लायलपूरकडे. ते आज पाकिस्तानात.
तेच लिही, म्हणजे त्या पोरांचंच खरं होईल."
आणि हसला. दात नसलेलं, लांबलचक.

एकसष्टच्या डिसेंबरात हा फौजेच्या ट्रकातून उतरला,
इंजिनं दुरुस्त करायला.
लोकांनी हार आणले होते. पगडीवरून खाली उतरेनात,
मग हातात घेऊन उभा राहिला, दुपारभर.
त्यानंतर गेलाच नाही.
खाणींचे ट्रक आले, गेले, बंद पडले,
याच्या दुकानासमोरची लाल धूळ तेवढी राहिली.
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा माणूस टायर विकत नाही.
दिल्लीत एक भाऊ होता, इतकंच मला माहीत.
चाळीस वर्षांत मी पुढचं विचारलेलं नाही.

मलाही विचारतात इथे, मराठी लिहितोस, मूळचा कुठला?
पेडण्यातल्या सात पिढ्या मोजून दाखवतो.
मोजताना घसा कोरडा का पडतो, कळत नाही.

मुद्देमाल: कापडाचा तुकडा, एक, मळका.
इथे माझी बोटं थांबली.
फेटा, पागोटं, मुंडासं, मंदिल,
डोक्यावरच्या कापडाला आपल्याकडे केवढे शब्द,
एकही बसेना.
"दस्तार," तेगबीर म्हणाला, पहिल्यांदाच बोलला.
मी तुकडा खोडला.

ती पोलिसांनी ठेवून घेतलेली.
म्हाताऱ्यानं पिशवीतून दुसरी काढली, नवी,
कैरीच्या सालीच्या रंगाची.
घडी घालायला दोन माणसं लागतात, समोरासमोर.
नातवाचा एक हात गळ्यात.
म्हणून एक टोक म्हाताऱ्याकडे, एक माझ्याकडे आलं.
मी मागे सरत जिन्याखालून रस्त्यावर पोचलो.
स्कूटर थांबली. पाटी घेतलेली मासळीवाली
वाकून कापडाखालून गेली, काही न बोलता.
माझ्या हातांना कार्बनची शाई. मी कडा चिमटीत धरलेली,
जेमतेम.

"ओढ," तो पलीकडून ओरडला.
"फाटत नाही ती. ओढ!"

यंत्रात कागद तसाच होता.
सहावा रकाना कोरा.
उल्हासची फाइल खुर्चीवर.
मी ओढलं.